चोथ्यातलं पाणी

बिअरसाठी जवाचा गोड रस काढून घेतला की भांड्यात चोथा उरतो. त्याची कुत्र्यासाठी बिस्किटं करायची कृती चार ओळींची आहे आणि सगळीकडे सारखीच सापडते: चार वाट्या चोथा, दोन वाट्या पीठ, वाटीभर शेंगदाण्याचं लोणी, एक अंडं. कृतीत चूक काही नाही. पण याच कृतीची बिस्किटं बेळगाव जिल्ह्यात एप्रिलमध्ये कोरड्या अथणीला तीन आठवडे कुरकुरीत राहतात आणि जुलैत भर पावसातल्या जांबोटीला चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरी लव धरतात. कृतीत पाण्याचा हिशेब नसतो, म्हणून असं होतं. हा खाऊ करताना बहुतेक वेळ पाणी काढण्यातच जातो. मळणं, लाटणं, कापणं हे अर्ध्या तासाचं काम.

आधी चोथा म्हणजे काय ते बघू. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, की झाला माल्ट. तान्ह्या मुलासाठी नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घराला यातलं निम्मं काम ठाऊक असतं. पुढे वाट वेगळी होते. भरडलेला माल्ट साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. मोड येताना धान्यात तयार झालेली विकरं त्या उष्णतेत पिष्टाची साखर करतात आणि ती साखर पाण्याबरोबर निघून जाते. मागे राहतं टरफल, तंतू, प्रथिनं आणि थोडी चरबी. कोरड्या वजनावर मोजलं तर प्रथिनं पाचव्या हिश्शाच्या आसपास किंवा थोडी जास्तच भरतात, म्हणूनच गवळी हा माल सोडत नाहीत. पण कोरडं वजन असतंच किती? ताज्या चोथ्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. किलोभर चोथा घरी आणला म्हणजे खरा माल पाव किलोच्या आत, बाकी पाणी वाहून आणलं.

दारूचा चोथा कुत्र्याला कसा द्यायचा, ही शंका घरातली वडीलधारी माणसं काढतातच. चोथा बाजूला होतो तेव्हा यीस्ट अजून पडलेलंच नसतं, त्यामुळे मद्यार्क तयार झालेला नसतो. ताज्या चोथ्यात दारूचा प्रश्न येत नाही. शंका काढायचीच तर हॉप्सची काढावी.

हॉप्स म्हणजे कडवटपणासाठी घालायची एका वेलीची फुलं. कुत्र्याला ती विषारी असतात, उकळून रस काढलेलीसुद्धा. पोटात गेल्यावर काही तासांत धाप लागते, कुत्रं एका जागी बसत नाही, छाती धडधडते आणि अंगाचं तापमान ४१-४२ अंशांपर्यंत चढतं. ग्रेहाउंड जातीची कुत्री यानं दगावल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडचा मुधोळ हाउंड त्याच बांध्याचा, वाऱ्यावर धावणारा, अंगावर चरबी नसलेला. तेव्हा ज्यांच्या दारात मुधोळ आहे त्यांनी इथं अजिबात सैल सोडू नये. हॉप्स रस उकळताना पडतात, म्हणजे चोथा वेगळा काढल्यानंतर. क्रम असाच राहिला तर चोथा सुरक्षित आहे. घोटाळा होतो तो बिअर करतात तिथल्या सफाईच्या वेळी, कारण उकळीच्या भांड्यातला हिरवट गाळही चोथ्याच्याच पिंपात ओतला जाऊ शकतो. त्यामुळे पिंपातला माल घेऊच नये. माल्टच्या टाकीतून थेट आपल्या भांड्यात काढून देत असतील तरच घ्यावा. चुकून हॉप्स खाल्लेच तर ताक, लिंबू असले उपाय करत बसू नये. तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे जावं.

आणखी दोन-तीन गोष्टी विचारून घ्याव्या. काळ्या बिअरसाठी कधी कधी माल्टबरोबरच कॉफी किंवा कोकोचे तुकडे घालतात. तो चोथा कुत्र्यासाठी बाद. चॉकलेट माल्ट मात्र नावापुरताच चॉकलेट, ते गडद भाजलेले जव असतात, त्यात कोको नसतो. तो जास्त असेल तर बिस्किटं कडवट होतात एवढंच. गव्हाच्या बिअरचा चोथा घेताना त्यात भाताचं तूस आहे का ते विचारावं. गव्हाला टरफल नसल्यानं रस नीट गळत नाही, म्हणून काही ठिकाणी तूस मिसळतात. ते टोकदार असतं, मिक्सरमध्ये बारीक होत नाही आणि चाळूनही निघत नाही. असा माल म्हशीच्या वाट्याला जाऊ द्यावा.

परवान्याशिवाय घरात बिअर करणं कर्नाटकात गुन्हा आहे, तेव्हा चोथा यायचा तो परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीतूनच, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यातून. तिथं शंभर लिटर बिअरमागे साधारण वीस किलो ओला चोथा निघतो. ५०० लिटरचा घाणा असेल तर शंभर किलो झाला. आपल्याला त्यातला दीड-दोन किलो हवा असतो. म्हणून ‘आम्ही कचरा वाचवतो’ हा अभिमान फुकाचा आहे. कचरा खरा वाचवतो तो ट्रॉली घेऊन येणारा गवळी. आपण त्याच्या ढिगातून मूठभर उचलतो. ट्रॉली येण्याआधी पोचावं आणि झाकणाचा स्टीलचा डबा आपला न्यावा.

आता घाई. टाकीतून निघताना चोथा हात भाजेल इतका गरम असतो. गच्च झाकलेल्या डब्यात तो निवत निवत कित्येक तास कोमट राहतो आणि ही कोमट अवस्था सगळ्यात वाईट. आत थोडी साखर उरलेली, भरपूर ओल, वर ऊब. आंबवणाऱ्या जंतूंना आणखी काय हवं? गोव्याहून चोर्ला घाट चढून दुपारच्या गाडीनं आणलेला डबा बेळगावात उघडला तर आंबट वास येऊ शकतो. त्यावर साधा उपाय म्हणजे निघायच्या आधीच चोथा परातीत दोन बोटं जाड पसरून वाफ जाऊ द्यावी आणि मग बर्फाच्या पेटीत भरावा. घरी आल्यावर चार-पाच तासांत काम सुरू होणार नसेल तर फ्रिजमध्ये, तोही फार तर दोन दिवस. त्यापुढे ठेवायचा असेल तर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या चपट्या करून फ्रीजरमध्ये ठेवाव्या. चपट्या यासाठी की गोळा करून ठेवलेला चोथा बाहेरून गोठतो आणि आतून आंबतो.

चांगल्या चोथ्याला भाजल्या धान्याचा गोडसर वास येतो. ताकासारखा आंबटपणा जाणवला तर तो घाणा सोडावा. हिरवा, काळा किंवा गुलाबी ठिपका दिसला तर तेवढा भाग काढून बाकीचा वापरायचा विचारही करू नये. ओव्हनच्या उष्णतेत बुरशी मरते, पण तिनं सोडलेली विषं बऱ्याच अंशी तशीच राहतात. बुरशीचा माल जनावरालाही घालू नये. सुक्या पाल्यात मिसळून खतात जाऊ द्यावा; नुसता टाकला तर परड्यात दोन दिवसांत घाण सुटते.

पिळण्यासाठी जुना पंचा उत्तम. मलमल फाटते, टॉवेल पाणी धरून ठेवतो. दोन मुठी चोथा पंच्यात घ्यायचा, पीळ द्यायचा, थांबायचं, पुन्हा पीळ. किलोमागे दोनशे-अडीचशे मिलिलिटर पाणी असंच हातानं निघतं. जे पाणी इथं निघत नाही ते पुढे विजेनं काढावं लागतं आणि त्याचे पैसे पडतात. निघालेलं पाणी गोडसर असतं, उघडं ठेवलं की मुंग्या. ते पीठ मळायला वापरायचा मोह नको. आपण काढायला बसलोय तेच परत घालण्यात काय अर्थ?

पिळलेला चोथा मिक्सरच्या छोट्या भांड्यात थोडा थोडा घालून, दहा-पंधरा सेकंद चालवून थांबवत बारीक करावा. सलग फिरवला तर ओल्या तंतूंनी मोटर तापते. बहुतेक कृतींत ही पायरी नसते आणि ती गाळणं चूक आहे. जवाचं टरफल धारदार असतं. अख्खं राहिलं तर काही कुत्री ठसकतात, आणि बिस्किट त्या टरफलाच्या रेषेवरच तुटतं. रगड्यात वाटू नये, तिथं पाणी घालावंच लागतं.

प्रमाण वजनात धरावं, कारण ओल्या चोथ्याची वाटी दाबून भरली की कमी-जास्त होते. पिळून बारीक केलेला चोथा ५०० ग्रॅम (त्यासाठी ताजा सातशेच्या आसपास लागतो), गव्हाचं पीठ २५० ग्रॅम, शेंगदाण्याचं लोणी १५० ग्रॅम, एक अंडं. सगळं मिळून साडेनऊशे ग्रॅम. मीठ, गूळ, साखर, बेकिंग पावडर काही नको.

लोणी घरीच करावं. बाजारच्या बाटलीत मीठ-साखर असते, आणि काही ‘शुगर फ्री’ प्रकारांत साखरेऐवजी झायलिटॉल हे गोडवा देणारं द्रव्य असतं, जे कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरवतं आणि यकृत निकामी करू शकतं. आपल्या भागात शेंगांना तोटा नाही. दाणे मंद आचेवर भाजावे, सालं पाखडावी, निवले की तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये फिरवावे. भाजण्याआधी मात्र दाणे निवडायलाच हवेत. काळे पडलेले, सुरकुतलेले, खवट किंवा कडू दाणे बाजूला काढावे, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष अशा दाण्यांत असू शकतं आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार नाजूक. पेंड वापरू नये, तीत हा धोका आणखी वाढतो. घरात शेंगाचटणी तयार आहे म्हणून तीच घालणं तर अजिबात नको. लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. पाहुण्यांनी आणलेल्या गोकाकच्या करदंटाचा, म्हणजे सुक्या मेव्याच्या मिठाईचा, तुकडाही दूर ठेवावा. त्यात मनुका असू शकतात आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक.

आधी चोथा, लोणी आणि अंडं एकजीव करावं आणि मग पीठ तीन वेळा विभागून घालावं. पिळणाऱ्या हातानुसार ओल बदलते, त्यामुळे शेवटचा वाटा बघून घालायचा. गोळा पुरीच्या कणकेइतका घट्ट हवा. मग वीस मिनिटं झाकून ठेवावा. तेवढ्यात पीठ चोथ्यातली ओल ओढून घेतं आणि आधी चिकट वाटणारा गोळा सुधारतो. इथं घाईनं जास्त पीठ ओतलं की बिस्किटं नुसती कणकेची होतात. पीठ लागतं ते मुळात बांधणीसाठी. चोथ्यातलं पिष्ट निघून गेल्यामुळे त्याला स्वतःचा चिकटपणा उरलेला नसतो.

काही कुत्र्यांना गहू सोसत नाही. कान खाजतात, पंजे चाटत बसतात. तिथं ज्वारी घ्यावी, पण ज्वारीचं पीठ थंड चोथ्यात नुसतं मिसळलं तर ओव्हनमधून भुगा बाहेर येतो. भाकरीला गरम पाणी का लागतं, ते ज्यानं भाकरी थापली आहे त्याला सांगायला नको. इथं वेगळं पाणी घालण्याऐवजी चोथ्यातलंच वापरावं. चोथा न पिळता बारीक करायचा, जाड बुडाच्या कढईत चांगली वाफ येईपर्यंत तापवायचा आणि त्यातच ज्वारीचं पीठ घालून उकडीसारखं घाटायचं. कोमट झाल्यावर लोणी आणि अंडं घालून मळायचं. खानापूरकडच्या घरांत नाचणी असते. निम्मी नाचणी, निम्मी ज्वारीही चालते, रंग तेवढा काळपट येतो. या प्रकाराला वाळायला दीडपट वेळ लागतो, कारण पिळायची पायरी आपण गाळलेली असते.

लाटताना दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन खाली-वर घ्याव्या. जाडी ७ मिलिमीटर. कडेला पातळ आणि मध्ये जाड राहिलं तर कडा करपतात आणि मध्य ओला राहतो, म्हणून दोन बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवावं. कापायला शंकरपाळ्याची कातण पुरे. हाडाच्या आकाराचे साचे दिसायला गोड, पण प्रत्येक तुकड्यामागे कातरण उरतं, ते पुन्हा मळा, पुन्हा लाटा. आणि कुत्रं आकार बघून खात नाही. ४ सेंटिमीटर बाजूचे चौकोन पाडले की साधारण सत्तर होतात. प्रत्येकाला काट्यानं तीन-चार भोकं पाडावी, वाफेला वाट मिळते. भोकं नसली तर तुकडा फुगतो आणि पोटात ओल धरून बसतो.

भाजणं दोन टप्प्यांत. पहिला १७५ अंशांवर अर्धा तास, मध्ये एकदा उलटून. यात अंडं आणि पीठ शिजतं, जंतू मरतात. तुकडे बाहेरून खरपूस दिसायला लागतात आणि बहुतेक जण इथंच ओव्हन बंद करतात. दुसरा टप्पा १०० ते ११० अंशांवर, साडेतीन-चार तास, दार चमचाभर उघडं ठेवून. दार का उघडं? बाहेर पडलेली वाफ आतच फिरत राहिली तर वाळणं थांबतं. आणि सगळं काम मोठ्या आचेवर उरकलं तर पापुद्रा लवकर कडक होऊन बंद होतो, आतल्या पाण्याला बाहेर यायला वाट उरत नाही. असं बिस्किट हातात टणक लागतं आणि डब्यात गेल्यावर दोन दिवसांनी मऊ पडतं. मधली ओल तेव्हा हळूहळू कडेपर्यंत आलेली असते. दोष डब्याचा नसतो. लहान ओव्हनमध्ये सत्तर तुकडे एका ट्रेवर मावत नाहीत, रचून तर ठेवूच नयेत. दोन ट्रे लावून दर तासाला वरचा खाली करावा.

ओव्हनपेक्षा चांगली सोय गल्लीतल्या बेकरीत असते, जर तिथं लाकडाची भट्टी असेल आणि मालकाशी बोलणं असेल. पाव आणि खारी निघाल्यावर भट्टी रात्रभर उतरत जाते. टोस्ट याच उतरत्या आचेवर वाळतात. घरी पहिला टप्पा उरकून ट्रे रात्री तिथं दिला तर सकाळी खडखडीत वाळलेला मिळतो. माल्टच्या चोथ्याचा आहे हे आधी सांगावं. काहींना चालत नाही आणि त्यावर वाद घालू नये. ओव्हनही नाही, भट्टीही नाही, तर कढईत मीठ तापवून वर थाळी ठेवून भाजता येतं, पण झाकण तिरकं ठेवावं लागतं आणि एका वेळी दहा-बाराच तुकडे होतात. ऊन वापरायचं तर मार्च ते मे, आणि तेही भाजून झाल्यावर, बुट्टीत पसरून वर पातळ कापड टाकून. कच्चे तुकडे उन्हात ठेवले तर वाळण्याआधी आंबतात.

झालं की नाही हे काटा सांगतो. मळलेला गोळा साडेनऊशे ग्रॅम होता. सगळा कोरडा माल धरून त्यात आठ-नऊ टक्के ओल उरली तर वजन ५८० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ६५० भरलं तर अजून सत्तर ग्रॅम जास्तीचं पाणी आत आहे, रंग कितीही छान दिसो. काटा नसेल तर मधला सगळ्यात जाड तुकडा निवून द्यावा आणि मोडावा. ‘कट्’ असा आवाज यावा, मध्य आणि कड एकाच रंगाची दिसावी. वाकून मग तुटला तर परत आत. खात्रीसाठी पाच-सहा तुकडे काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी काचेवर धुकं किंवा तुकड्यांना मऊपणा दिसला तर सगळा घाणा आणखी तासभर वाळवावा.

पूर्ण निवल्याशिवाय डबा भरू नये. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात अथणी-रायबागच्या कोरड्या पट्ट्यात उन्हाळी घाणा तीन आठवडे सहज जातो, बेळगाव शहरात दोन. मृगापासून पुढे, आणि खानापूर-कणकुंबीकडे तर दसऱ्यापर्यंत, बाहेर आठवड्यापुरतेच ठेवावेत, बाकीचे फ्रीजरमध्ये. तिकडच्या पावसात उघडा ठेवलेला तुकडा एका रात्रीत हवेतली ओल पिऊन मऊ पडतो. मऊ पडला आहे पण वास आणि रंग जसाच्या तसा आहे, तर १०० अंशांवर चाळीस मिनिटं ठेवून परत वाळवता येतो. लव धरलेला मात्र नाही.

किती द्यायचं यात प्रेमापोटी गडबड होते. वाळलेला एक तुकडा ८ ग्रॅमचा आणि शेंगदाण्यामुळे त्यात साधारण ३० कॅलरी. वरचा खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहावा, हा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण नियम लावला तर दहा किलोच्या घरगुती कुत्र्याला दिवसाला दोन आणि पंचवीस किलोच्या मुधोळला चार. मुधोळच्या फासळ्या दिसतात म्हणून जास्त घालणारे पुष्कळ आहेत. त्या जातीच्या फासळ्या दिसायच्याच असतात. पहिल्या दिवशी अर्धाच तुकडा द्यावा. भाकरी-ताकावर वाढलेल्या गावठी कुत्र्याला इतके तंतू सहसा सोसतात, पाकिटातल्या खाण्यावर वाढलेल्याला वारा धरतो, शी पातळ होते. स्वादुपिंडाचा त्रास झालेल्या कुत्र्याला शेंगदाण्याची चरबी नको आणि मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच. अगदी लहान पिल्लांना देऊ नये. म्हाताऱ्या, दात पडलेल्या कुत्र्याला तुकडा दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून द्यावा आणि उरलेला भिजका तुकडा परत डब्यात टाकू नये, त्या एकानं अख्खा डबा खराब होतो.

डब्याच्या तळाशी चुरा साठतो. तो सगळ्यात आधी ओल ओढतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. दर दोन-तीन दिवसांनी झटकून त्या वेळच्या जेवणावर भुरभुरावा, डबा कोरड्या फडक्यानं पुसावा आणि मगच पुढचा घाणा त्यात भरावा. झाकणावर कागद चिकटवून भाजल्याची तारीख टाकलेली बरी, विशेषतः शेजाऱ्यांना देणार असाल तर.